पायाचं माप

"अजून घट्ट," धैर्यशील म्हणाला.

मी फरशीवर गुडघे टेकून बसले होते. त्याच्या नडगीभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून वरून चिकटपट्टीचे वेढे घेतले होते आणि पेनानं कडेच्या खुणा करत होते. पाठीमागे अकरा महिन्यांची ओवी तिच्या फोमच्या मॅटवर बसून पावडरचा रिकामा डबा आपटत होती.

"घट्टच आहे की. कागद फाटेल."

"फाटू दे. पॅड हलायला नको. पाय आणि चाक एक झालं पाहिजे, कळतंय का?"

"जरा सैल ठेवू का? पाय काढायला बरं पडेल."

"पाय काढायचाच कशाला? तू अक्कल नको चालवू, हात चालव."

घरात मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना म्हणवत नाही.

ते चाक त्यानं दिवाळीत घेतलं होतं. इलेक्ट्रिक युनिसायकल. उभ्या सुटकेसएवढी काळी पेटी, तिच्या पोटातून गेलेलं एकच जाड टायर, दोन्ही अंगांना पाय ठेवायला एकेक पट्टी. हँडल नाही, सीट नाही, ब्रेक नाही. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीत तो त्यावर उभा राहून निघाला की गॅलऱ्या भरायच्या. कॉलनीच्या वळणावर गटारावरची लोखंडी जाळी आहे. तिच्यावर चाक घसरून तो दोनदा पडला होता. दोन्ही वेळा चाक एकीकडे गेलं, हा उडी मारून चार पावलं पळाला आणि हसत उभा राहिला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही वेळा मी गॅलरीतच होते. मी सगळंच बघत असते. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम लावणारी, बटणं मोजून ठेवणारी, ओवी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरणारी बाई मी.

या भित्रेपणाचा त्यांनी एक व्हिडिओ केला होता. 'त्यांनी' म्हणजे धैर्यशील आणि त्याचा मित्र संग्राम. मी स्वयंपाकघरात ओवीला भरवत होते. बाहेरून संग्राम ओरडला, "वहिनी! धैर्या पडला, लई रक्त जातंय!" मी ओवीला कडेवर घेऊन पळाले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तोंडानं काय ओरडत होते मला माहीत नाही. पळताना ओवीचं डोकं दाराच्या चौकटीला आपटलं. धैर्यशील रस्त्यावर पालथा पडला होता, डोक्याखाली लाल. मी त्याला उताणा केला, तसा तो "भ्याऽऽ!" करून उठला. लाल होता तो टोमॅटो सॉस.

तो व्हिडिओ माझ्या आईपर्यंत सांगलीला पोचला. ओवीचं डोकं आपटतं तिथे त्यांनी घंटेचा 'टणण्' असा आवाज जोडला होता. लोकांना तेवढाच भाग सगळ्यात जास्त आवडला.

पॅड हवे होते ते ओवीच्या पहिल्या वाढदिवसासाठी.

रविवारी कॉलनीच्या टोकाच्या कार्यालयात दोनशे माणसं यायची होती. आता वाढदिवसाला नुसता केक कापून भागत नाही, एन्ट्री लागते. कुणी घोड्यावरून येतं, कुणी जीपमधून. धैर्यशीलनं ठरवलं होतं की ओवीला पट्ट्यांच्या झोळीत छातीशी बांधायचं, घरातून चाकावर निघायचं, भर रस्त्यानं कार्यालयापर्यंत जायचं आणि तसंच लाल गालिच्यावरून थेट स्टेजपर्यंत. पुढे हलगी, दोन्ही बाजूंनी फुलं. ओवीचं वजन पुढे आल्यावर चाक आवरायला नडग्यांना आधार पाहिजे. पेटीचं प्लास्टिक गुळगुळीत, त्यावर पाय सरकतो. म्हणून पॅड. नडगीपुढे एक, पोटरीमागे एक. परदेशातून येणारे रविवारच्या आत पोचत नव्हते.

"तू होम सायन्सवाली ना? शिवणकामात पहिली आलीस म्हणून तुझ्या बापानं बैठकीत सांगितलं होतं. मग कर की."

मी आधी नाही म्हणाले होते. पॅडला नव्हे, ओवीला. एकदा समजावून, एकदा रडून. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्या रडण्याचा फोटो काढला. मग मी सासूबाईंकडे गेले. त्या वाटाणे सोलत होत्या.

"पोरगी त्याची नाही का?" त्या म्हणाल्या. "बाप आहे तो. पाडतोय होय मुद्दाम?"

"मुद्दाम नाही, आईसाहेब. पण पडला तर?"

"तुझं 'तर' काही संपायचं नाही बघ."

गुरुवारी मी ओवीला लस द्यायला नेलं होतं. परत आले तर तिची मॅट अर्धी गायब. चौकोनी रंगीत तुकडे एकमेकांत अडकवायची ती मॅट होती, तिच्यावर ती धरून धरून उभी राहायला शिकत होती. निळा, हिरवा, पिवळा, जांभळा, सगळे गेलेले. लाल आणि नारिंगी तेवढे भिंतीकडेला राहिले होते. चपलांच्या सामानाच्या दुकानातून आणलेला फोम फारच मऊ निघाला म्हणून त्यानं मॅटचे तुकडे कापून टेबलावर ठेवले होते. वेडेवाकडे, भाजीच्या सुरीनं.

मी काही बोलायच्या आत ओवी माझ्या हातातून सुटून सवयीनं खुर्चीला धरून उभी राहिली आणि सवयीनं मागे बसली. या वेळी खाली फरशी होती. ती कलंडली, तोंड खुर्चीच्या पायावर आपटलं. ओठ फाटला.

"ए, ए, काही नाही झालं," धैर्यशील मोबाइलमधून मान वर करून म्हणाला. "रक्त बघून तूच आधी मरशील. पाणी लाव."

मी पाणी लावलं. बर्फ लावला. ओवी हुंदके देत झोपल्यावर मी टेबलाशी बसले, त्यानं कापलेले तुकडे बाजूला सारले, कागदाचं माप पसरलं आणि माझ्या धारेच्या कात्रीनं कापायला सुरुवात केली.

हे काम मला आवडलं, हे खोटं कशाला सांगू? चांभार वापरतात ते पिवळं सोल्युशन दोन्ही तुकड्यांना लावायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग एकदाच अचूक ठेवून दाबायचं. चुकलं तर निघत नाही. थरावर थर चढवले. कडा पॉलिश पेपरनं घासून नडगीच्या हाडाला खळगा केला, पोटरीला उभार दिला, घोट्याच्या वर आत वळणारा ओठ काढला. पेटीला चिकटवायला मागून मजबूत वेल्क्रो. शुक्रवारी दुपारी चारही पॅड तयार होते.

तो पोर्चमध्ये भिंतीला धरून चाकावर उभा राहिला. पाय आत सरकवला, पुढे-मागे झुकून बघितलं. चाक त्याच्याबरोबर तंतोतंत हललं.

"आईशपथ," संग्राम म्हणाला. "वहिनी, तुम्ही दुकान टाका."

"बघ की, पाय आत गेला की गच्च. आणि असा ओढला की बाहेर." धैर्यशीलनं दोन-चारदा पाय घातला, काढला. "परफेक्ट. आता ओवीच काय, आईसाहेबांना पण घेऊन जातो."

"मला नको बाबा," सासूबाई हसल्या. त्यांना फार बरं वाटत होतं.

ते दोघं गेल्यावर त्या माझ्याजवळ बसून एका पॅडवर हात फिरवू लागल्या.

"आमच्या घराण्यात हे आहेच. माझे सासरे आबासाहेब. गावाकडं घोडी होती त्यांची, रंभा. रोज शेतावर तिच्यावरून जायचे. एकदा ती सापाला बुजली. आबासाहेब पडले. पडल्याचं काही नाही गं, मऊ रानात पडले होते. पण पाय रिकिबीत अडकला. घट्ट रिकीब. तिनं ओढ्यापर्यंत फरफटत नेलं. पाठीचं कातडं निघालं सगळं." त्यांनी पॅड खाली ठेवला. "मग बरे झाल्यावर त्यांनी स्वतः नवी रिकीब करून घेतली. पाय घालून बघायचे, आणि बाजूनं अशी दोन बोटं घालून बघायचे. दोन बोटं जायलाच पाहिजेत. धैर्याला लहानपणी रोज ही गोष्ट लागायची, सांगितल्याशिवाय जेवायचा नाही."

"आता आठवत असेल का त्यांना?"

"कुठलं! मांडीवर बसून ऐकलेलं कुणाला आठवतंय?"

शनिवारी दुपारी मी म्हणाले, "फोम उघडा दिसतोय. फोटोत बरा नाही दिसायचा. वरून काळं रेक्झिन चढवून देऊ का?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. मग गालावर टिचकी मारली. "आत्ता कशी वळणावर आलीस!"

ओवी आतल्या खोलीत झोपली होती. मी दार लोटून घेतलं. तीन तास लागले.

पाचच्या सुमाराला तो पोर्चमध्ये आला. चाकावर पॅड बसवले, लांबून बघितलं, जवळून बघितलं. काळं रेक्झिन, काळी पेटी, कारखान्यातून आल्यासारखं दिसत होतं. संग्रामनं मोबाइल काढला. धैर्यशीलनं गळ्यात झोळी अडकवली आणि माझ्याकडे हात पसरले.

"दे तिला."

ओवी नुकती उठून माझ्या खांद्यावर होती. फाटलेला ओठ सुजला होता.

"आत्ता?"

"ट्रायल नको का? उद्या पहिल्यांदाच बांधली तर रडेल ती. दे."

"आधी एकटे एक चक्कर मारून या ना. रेक्झिननं पकड बदलते."

"तुझं झालं परत चालू? दे म्हणतोय ना!" त्यानं तिला काखेत धरून ओढलंसुद्धा. ओवीनं माझं मंगळसूत्र मुठीत धरलं.

"अहो, तिनं डायपर भरवलाय!" मी ओरडले. "पार पाठीपर्यंत आलंय. तुमच्या शर्टाला लागेल!"

त्यानं हात असे मागे घेतले की जणू चटका बसला. अकरा महिन्यांत त्यानं एकदाही तिचा डायपर बदलला नव्हता. "शी! घेऊन जा आधी. धू. तोवर मी एक राउंड मारतो."

झोळी त्यानं कठड्यावर टाकली. चाकावर उभा राहिला. पाय पॅडमध्ये घालताना त्याला जरा दाबावा लागला, टाच आपटून बसवावा लागला. "घट्ट झालंय जरा," तो म्हणाला.

"नवीन रेक्झिन आहे," मी म्हणाले. "वापरून सैल पडेल."

मी आत जाऊन जिना चढून गॅलरीत आले. ओवीचा डायपर कोरडा होता.

तो छान चालला होता. हात मागे बांधून, छाती काढून, शिट्टी वाजवत. समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. सासूबाई फाटकात उभ्या होत्या. एकदा टोकापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि वळणावर, त्याच जाळीवर, चाक घसरलं. पेटीतून पी-पी असा आवाज आला. तो पुढे कलला. पळायला पाऊल टाकायला गेला.

पाऊल निघालं नाही.

तो जमिनीवर आला, त्याच्या अंगावर पस्तीस किलोची ती पेटी आली, आणि टायर फिरतच राहिलं. त्याचा उजवा पाय पेटीबरोबर एकदा पूर्ण गरकन फिरला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

संग्राम हसत होता. "अरे, परत? धैर्या, एक नंबर!" मोबाइल धरून तो वर माझ्याकडे वळला. "वहिनी! या की पळत! लई रक्त जातंय!" समोरच्या बायकाही हसायला लागल्या. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्याही हसत होत्या.

धैर्यशील ओरडत होता ते माझं नाव. "शर्वरी! शर्वरीऽऽ!" लोकांना ते जास्तच हसू आलं. किती हुबेहूब.

मला पहिल्या क्षणाला कळलं होतं. मी ओवीचं तोंड पुसलं. तिच्या फ्रॉकची बटणं लावली, तिन्ही. तिला पाळण्यात ठेवलं, जाळी ओढली, कडी नीट लागली का ते हलवून बघितलं. मग खाली उतरले. दोन्ही पायांत चपला घातल्या.

तोवर संग्रामचं हसू गेलं होतं. पाय पेटीत अडकून भलत्याच दिशेला वळला होता, ओढला की धैर्यशील गुरासारखा हंबरायचा. "पॅड कापायला पाहिजे! वहिनी, कात्री!" मी परत घरात गेले आणि माझी धारेची कात्री आणून दिली. रेक्झिन फाटलं. एकामागून एक थर सुटले. निळा, हिरवा, पिवळा, जांभळा. सगळ्यात आतला, नडगीला भिडलेला, नारिंगी.

पाय सुटला तेव्हा तो तुकडा धुळीत पडला होता. धैर्यशील त्याच्याकडेच बघत होता, असं मला वाटलं. पण तो बेशुद्ध होत होता. बेशुद्ध होणारं माणूस कुठेही बघतं.

दोन्ही हाडं मोडली होती, एक कातडी फोडून बाहेर आलं होतं. सळई घातली, त्यात पू झाला, सळई काढली, पुन्हा घातली. वर्षात चार ऑपरेशन. पाय वाचला, पण घोटा कायमचा धरला आणि उजवा पाय दीड इंच आखूड झाला. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "सुनेनं पॅड केले होते म्हणून, नाहीतर पायच गेला असता. पोरगी वाचली ती पण हिच्यामुळं. हिनंच म्हटलं एकटे जा." संग्राम घरी यायचा बंद झाला. तो जुना व्हिडिओ धैर्यशीलनं काढून टाकला.

तो मऊ झाला. जिना उतरताना माझा खांदा मागायचा. मी द्यायचे. चार माणसांत मोठ्यानं "अहो, जपून, पायरी आहे," म्हणायचे. तो मान खाली घालून पायरी बघायचा. मी टेबलाच्या, पलंगाच्या कोपऱ्यांना पुन्हा फोम लावला. ओवी तेव्हा तीन वर्षांची झाली होती. तिला त्याची गरज नव्हती.

पॅडबद्दल त्यानं कधी एक शब्द काढला नाही. चांगला नाही, वाईट नाही. मला ते बरं वाटायचं.

या महिन्यात ओवीला नववं वर्ष पूर्ण झालं. वाढदिवसाच्या सकाळी त्यानं काठी टेकत एक खोका हॉलमध्ये आणून ठेवला. मला विचारलं नव्हतं. ओवीनं कागद फाडला. आत पांढरं, लहान, मुलांसाठीचं एकचाकी होतं.

"बाबाऽऽ!" ती त्याच्या गळ्यात पडली.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"हळू चालतं. मुलांचं आहे." तो माझ्याकडे न बघता ओवीला म्हणाला, "आई तुला पॅड करून देईल. फार सुंदर करते."

नाही म्हणून बघितलं. ओवी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी चपलांच्या सामानाच्या दुकानात जाऊन फोम आणला, सोल्युशन आणलं. कागद गुंडाळून तिच्या नडगीचं माप घेतलं. तो खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून, बसून होता. रोजच तिथे बसतो, पण पेपर वाचतो. त्या दिवशी पेपर घडी करून ठेवला होता.

पॅड चिकटवून झाले. ओवी भिंतीला धरून, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवून चाकावर उभी राहिली. मी खाली बसून बाजूनं बोटं घातली. एकच गेलं. मी पॅड ओढून काढला, वेल्क्रो सरकवून पुन्हा लावला. पुन्हा बोटं घातली. पुढून, मागून. दुसरा पाय. पुढून, मागून.

"किती ठेवतीस?" त्यानं विचारलं.

मी काय बोलतेय हे कळायच्या आत मी म्हणून गेले होते, "दोन बोटं."

पंखा फिरत होता. सासूबाई आत पूजेची घंटा वाजवत होत्या.

"दोन बोटं," तो म्हणाला. "मला आठ वर्षं एवढंच बघायचं होतं. तुला माहीत होतं का नव्हतं."

"तुम्हीच म्हणाला होतात," मी फरशीकडे बघत म्हणाले. "घट्ट कर."

"म्हणालो होतो." आवाज अगदी शांत होता. "पण शुक्रवारी पाय निघत होता गं. नारिंगी नव्हतं त्यात शुक्रवारी."

"शुक्रवारी काय?" ओवीनं वरून विचारलं. "बाबा, काय नारिंगी?"

तो माझ्या हातांकडे बघत होता. ते अजून ओवीच्या पायाशी, पॅडच्या आत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "पाय काढ बघू."

पाय सहज बाहेर आला.

"परत घाल," मी म्हणाले. "आणि परत काढ."